गुरुवारचं कार्ड

श्रीगोंदा,
शुक्रवार, ४ मे १९७३

॥ श्री ॥

ती. अण्णांस शामकांतचे कृतानेक साष्टांग नमस्कार.

तुमचं कालचं कार्ड आज दुपारी कचेरीतच मिळालं. माझ्या पत्रात पाच प्रश्न होते, तुम्ही एक ते पाच आकडे घालून पाची उत्तरं दिलीत. आमचा शिपाई गहिनीनाथ कार्ड हातात देताना म्हणाला, "सायेब, तुमचं वडील अजून पेपरच सोडवत्यात व्हय?" निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी तुमच्यातला हेडमास्तर काही निवृत्त व्हायला तयार नाही.

लीनाचं लग्न आता नऊ दिवसांवर आलं. अण्णा, माझी पुरती त्रेधा उडाली आहे. कचेरीत माझ्याकडे टंचाईचं टेबल. तालुक्यातल्या कोणत्या गावाला पाण्याचा टँकर कधी जाणार, हे मी लिहायचं आणि टँकर बंद पडला की शिव्या मी खायच्या. काल एका वाडीच्या बाया रिकाम्या घागरी घेऊन कचेरीच्या पायऱ्यांवर येऊन बसल्या. छबूबाई म्हणून एक म्हातारी आहे, ती म्हणाली, "बाबा, तुज्या कागदावर पानी हाय, आमच्या हिरीत न्हाई." यावर कुठल्या नियमानं काय बोलायचं ते सांगा.

घरी मांडवाच्या दारात चार पिंपं कोरडी ठणठणीत. लीनाची आई म्हणते, एवढे टँकर तुमच्या लेखणीखाली, एक इकडे वळवला तर काय बिघडेल? मी नाही म्हटलं. तेव्हापासून ती माझ्याशी फक्त स्वयंपाकापुरतं बोलते. त्यात व्याह्यांकडून निरोप आला की वऱ्हाड साठाचं नव्वद झालं. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं.

पण हे लग्न आता पार पडलंच पाहिजे. मार्गशीर्षात आबाकाका गेले, सुतक आलं, ठरलेली तारीख पुढे ढकलली. तेव्हाच जावयाच्या आत्याबाई म्हणाल्या होत्या की मुलीचा पायगुण बघा. पुन्हा काही आडवं आलं तर हे स्थळ मोडलंच. मुलगा विमानदलात, रजा सतरा तारखेपर्यंत, मग थेट आसाम.

तर एकच मागणं. गुरुवारच्या गाडीनं तुम्ही निघा. लीना म्हणते, आजोबांनी डोक्यावर अक्षता टाकल्याशिवाय मी बोहल्यावरून हलणार नाही. तिला सव्विसावं वर्ष आहे, पण हट्ट सहा वर्षांचा.

आपला,
शामकांत

*

संगमनेर,
सोमवार, ७ मे १९७३

॥ श्री ॥

चि. शामकांत यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. (१) टँकर घरी वळवला नाहीस हे योग्य केलंस. सूनबाईंना माझ्यातर्फे सांग की मी सांगितलं. (२) छबूबाईंना नियम सांगू नकोस, बसायला सावली आणि प्यायला तांब्याभर पाणी दे. (३) मला यायला जमणार नाही. गुडघा सुजला आहे, उन्हात सहा तासांची एस.टी. झेपणार नाही. यावर वाद नको. लग्न यथासांग कर. मी इथून अक्षता टाकीन, त्या पोचतील.

इकडे प्रवरेला पाणी नाही. बाकी क्षेम. गुरुवारी लिहितोच.

अण्णा

*

संगमनेर,
मंगळवार, ८ मे १९७३

सौ. विजूताईस रवीचा सा. न.

कागदाच्या माथ्यावर श्री घातलेला नाही, त्यावरूनच तू समजली असशील. ताई, अण्णा काल दुपारी बाराच्या सुमारास गेले. तार केली नाही, कारण तुमच्या राहुरीच्या पोस्टात दादाच्या ओळखीचे लोक आहेत. हे पत्र ओळखीच्या कंडक्टरच्या हाती देतोय, तो तुझ्याच हातात देईल.

गुडघा वगैरे काही नव्हतं. शनिवारी सकाळी छातीत कळ आली. डॉक्टर म्हणाले, हलवू नका, दोन-तीन दिवस काढले तर पुढचं पुढं. मी म्हटलं, दादाला तार करतो. अण्णांनी माझा हात धरून ठेवला. म्हणाले, "तार केलीस तर लीनाचं लग्न मोडेल. मी गेलो तर दहा दिवस सुतक आणि मग वर्षभर घरात कार्य नाही. ती मंडळी थांबायची नाहीत. सुतक कळल्यापासून लागतं. तेरा तारखेला सकाळी देवक बसलं की मग काहीही कळलं तरी लग्नाला बाध नाही. तोवर शामकांतच्या कानावर जाऊ द्यायचं नाही."

तेवढ्यात दादाचं पत्र आलं. ते त्यांनी दोनदा वाचलं आणि मला कोरी कार्डं आणायला लावली. गेली बारा वर्षं दर सोमवारी आणि गुरुवारी आपल्या दोघांच्या घरी त्यांचं कार्ड जातं. एक चुकलं तर दादा पहिल्या गाडीनं इथे येऊन उभा राहील, हे त्यांना पक्कं माहीत होतं. रविवारी उशीला टेकून दादाची तीन कार्डं लिहिली, पुढच्या तारखा घालून. एक सोमवारचं, एक गुरुवारचं आणि एक लग्नाच्या दिवशी वाचायचं. मधूनमधून दम लागायचा तेव्हा थांबायचे. अक्षर मात्र जराही हललं नाही. तुझ्यासाठी कार्ड लिहायला घेतलं आणि दोन ओळींत हात थकला. ते तसंच अर्धं माझ्याकडे आहे.

सोमवारचं कार्ड मी सकाळी पेटीत टाकून आलो तेव्हा ते होते. गुरुवारचं परवा टाकीन. मी ती वाचलेली नाहीत. दुसऱ्याच्या नावाचं पत्र वाचू नये, कार्ड उघडं असलं तरी, हे आपल्याला लहानपणी छडी खाऊन शिकवलंय. आता ते नाहीत म्हणून मोडवत नाही. म्हणूनच दादाची त्यांच्या नावाने पत्रं आली तर तीही तशीच त्यांच्या टेबलावर ठेवीन.

अग्नी मी दिला. थोरल्याचा मान होता तो. केस काढले आहेत, त्यामुळे लग्नाला येण्याचा प्रश्न नाही. दादाला कळवलंय की धाकट्याला गोवर आलाय. ताई, तू इकडे येऊ नकोस. तू आलीस की बोभाटा होईल. लग्न झालेल्या मुलीला तीन दिवसांचं. ते घरातच पाळ आणि शनिवारी श्रीगोंद्याला जा. आपल्यातलं एक तरी माणूस दादाच्या मागे उभं असायला हवं. तिसरं कार्ड सोबत पाठवतोय. लग्न लागल्यावर दे, आणि वऱ्हाड गेलं की तूच त्याला सांग. हे तुझ्यावर टाकतोय, माफ कर.

रवी

*

श्रीगोंदा,
मंगळवार, ८ मे १९७३

॥ श्री ॥

ती. अण्णांस शामकांतचे सा. न.

कार्ड मिळालं. 'यावर वाद नको' म्हणालात, तरी मी घालतोच आहे.

गुडघ्याची सबब चालणार नाही, कारण मी एस.टी.च रद्द केली. इथल्या मित्राची मोटार आहे. शनिवारी सकाळी ती दारात येईल, मागच्या सीटवर लोड-तक्के टाकून तुम्हाला आडवं आणता येईल, पुढल्या सीटवर तुमचा तांब्या. संध्याकाळी मांडवात. तुम्ही फक्त हो म्हणा. आजची डाक गेली, त्यामुळे हे पत्र गुरुवारी सकाळी तुमच्या हातात पडेल, तुमचं कार्ड दुपारी निघतं. त्यात एक शब्द लिहा. तुमचा होकार नसताना मोटार दारात उभी केली तर तुम्ही ती रिकामी परत पाठवाल, हे मला माहीत आहे.

रवी येत नाही, त्याच्याकडे गोवर. पाहणीसाठी वरचे साहेब शनिवारी येणार, म्हणून माझी शनिवारची रजा गेली. लीनाची आई अजून बोलत नाही, फक्त तुमचा निरोप ऐकून "मामंजी म्हणाले का? मग ठीक" एवढं म्हणाली आणि शेजाऱ्यांकडून घागरी मागून आणायला लागली. बघा, तुमच्या एका ओळीनं काम होतं.

अण्णा, खरं सांगतो. मला कचेरीची भीती वाटत नाही, व्याह्यांची वाटत नाही. पण मुलीचं लग्न लागताना मागे वळून बघितलं आणि तुम्ही नसलात तर मला जमायचं नाही. पन्नाशीला आलो तरी जमायचं नाही.

शामकांत

*

राहुरी,
बुधवार, ९ मे १९७३

चि. रवीस,

पत्र मिळालं. न्हाणीघरात जाऊन वाचलं. घरात सासूबाईंना आणि यांना सांगितलं, बाकी कुणाला नाही. शाळेत कळवलं की बरं नाही.

तू येऊ नकोस म्हणालास, म्हणून आले नाही. आयुष्यभर तुझं एवढं एकच ऐकलं आणि तेच नको होतं ऐकायला.

एक कर. दादाची पत्रं आली तर उघड. अण्णांचा नियम जिवंत माणसांसाठी होता. दादा रागीट आहे, प्रश्नाला उत्तर नाही मिळालं की तो स्वतःच उत्तर तयार करतो. माझं अर्धं कार्ड मला लगेच पाठव.

विजया

*

संगमनेर,
गुरुवार, १० मे १९७३

॥ श्री ॥

चि. शामकांत यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र नाही. कामात असशील, हरकत नाही. माझी प्रकृती उत्तम. काल सकाळी नदीपर्यंत फिरून आलो.

लग्नात जेवणावळीला घाई करू नये. मुलीकडच्यांनी शेवटी बसावं. लीनाला म्हणावं, सासरी पहिले सहा महिने कमी बोल, मग हवं तेवढं बोल.

तू वेळेवर जेवत जा.

अण्णा

*

संगमनेर,
शुक्रवार, ११ मे १९७३

सौ. विजूताईस रवीचा सा. न.

तुझं पत्र आज मिळालं आणि दादाचं पाकीट उघडलं. ते कालच आलं होतं. मी ते टेबलावर ठेवलं आणि अण्णांचं गुरुवारचं कार्ड पेटीत टाकून आलो.

दादानं मोटारीचं विचारलंय. हो की नाही, एवढंच. कार्डात काय आहे मला माहीत नाही, पण त्याचं उत्तर त्यात असणं शक्य नाही. मी एक ओळ खाली लिहून टाकली असती तरी चाललं असतं. नियम पाळत बसलो. ताई, तू उद्या पोचशील तेव्हा त्याला सांभाळ. म्हणावं, अण्णांना हल्ली विसर पडतो. काहीही म्हण.

तुझं अर्धं कार्ड सोबत आहे. हेही त्याच कंडक्टरच्या हाती देतोय, आज रात्रीच मिळेल.

रवी

*

श्रीगोंदा,
शनिवार, १२ मे १९७३

अण्णा,

तुमचं गुरुवारचं कार्ड काल यायचं ते आज मिळालं.

मी मंगळवारी पत्र टाकलं होतं. तुम्ही लिहिता, 'तुझं पत्र नाही.' सोमवारी गुडघा सुजलाय म्हणून उठवत नव्हतं आणि बुधवारी तुम्ही नदीपर्यंत फिरून आलात. मी काय तुमच्या चौथीतला पोर आहे? यायचं नाही तर नाही म्हणा. पत्रच मिळालं नाही असं कशाला? पाच प्रश्नांना पाच उत्तरं देणाऱ्या माणसाला एका प्रश्नाचं एक उत्तर देता आलं नाही.

आज सकाळपासून साहेबांच्या मागे उन्हात तीन गावं हिंडलो. एका गावात टँकर पोचलाच नव्हता, चारचौघांत मला झापलं. घरी आलो तर आचारी पाण्यासाठी भांडत होता आणि दारात वऱ्हाडाची पहिली गाडी उभी. त्यात हे कार्ड. 'तू वेळेवर जेवत जा.' अण्णा, मी दोन दिवस धड जेवलेलो नाही आणि त्याचं कारण तुम्ही आहात.

रवीच्या मुलांच्या मुंजीला तुम्ही आठ दिवस पाटावर बसून होतात, तेव्हा गुडघा नव्हता. तुमचा मुलगा एकच आहे आणि तो संगमनेरात राहतो, हे मला लहानपणापासून माहीत होतं, फक्त कोणी लिहून दिलं नव्हतं. आता मिळालं.

आता येऊ नका. उद्या मी मागे वळून बघणार नाही. मला वडील नाहीत असं समजून मुलीचं कन्यादान करीन.

शामकांत

*

श्रीगोंदा,
सोमवार, १४ मे १९७३, सकाळी

चि. रवीस,

तुला तार केली आहे की दादा निघालाय. तारेत मावलं नाही ते लिहिते आहे.

मी शनिवारी संध्याकाळी पोचले तेव्हा दादानं नुकतंच पत्र पेटीत टाकलं होतं. मला म्हणाला, "लिहिलं एकदाचं. मनातलं होतं ते सगळं." काय लिहिलं ते सांगेना. मी विसरभोळेपणाचं बोलले, तर म्हणाला, "अण्णा आणि विसरतील?"

रविवारी सकाळी देवक बसलं. मी भिंतीला टेकले. अण्णांनी म्हटल्याप्रमाणे सगळं झालं होतं. लग्न वेळेवर लागलं. मी मंगलाष्टकं म्हटली, आवाज फुटला तर बायका म्हणाल्या, आत्याचा जीव हो. लीना सारखी विचारत होती, आजोबांचं काहीच आलं नाही का? मी ते तिसरं कार्ड दादाच्या हातात दिलं. त्यानं अक्षर पाहिलं आणि न वाचता कोटाच्या खिशात घातलं. लीनाला मी तोंडी आशीर्वाद सांगितला. खोटा नव्हता, पण त्यांचे शब्द नव्हते.

पाच वाजता वऱ्हाड गेलं. आत्याबाईंनी सगळ्यांसमोर लीनाला जवळ घेतलं. दादा मांडवात एका खुर्चीवर बसून राहिला. मी ठरवलं होतं, आता सांगायचं. पाणी घेऊन गेले. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "विजू, मी फार वाईट लिहिलं गं. बापाला असं लिहितात का? आज रविवार, टपाल वाटत नाहीत. ते पत्र उद्या सकाळी अकराला त्यांच्या हातात पडेल. मी पहिल्या गाडीनं निघतो. पोस्टमनला गल्लीच्या तोंडाशीच गाठतो. पत्र हातात घेतलं की मग वर जातो आणि म्हणतो, काही नाही, सहज आलो, लग्नाचे लाडू घेऊन आलो."

हे सांगताना मी आल्यापासून पहिल्यांदा त्याचा चेहरा मोकळा झाला होता. लाडूंचा डबा त्यानं स्वतः भरला. रवी, मला सांगता आलं नाही. मी म्हटलं, जा. पहाटे उठून पाहिलं तर तो गेला होता.

मी दुपारच्या गाडीनं येते आहे. मी भित्री आहे, हे त्याला सांग, किंवा नको, मीच सांगीन.

विजया

*

श्रीगोंदा,
मंगळवार, २२ मे १९७३

सौ. विजूस,

दहावा, बारावा, तेरावा, सगळं झालं. एकाच घरात पाच दिवस होतो आणि मी तुझ्याशी बोललो नाही. रवीशीही नाही. रागानं नाही असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. रागच होता. माझा बाप जळत होता तेव्हा मी आचाऱ्याशी जिलबीच्या तुपावरून वाद घालत होतो. तुम्हा दोघांना माहीत होतं, मला नव्हतं. लीनाचा संसार उभा राहिला, हे मला कळतं. कळून उपयोग होत नाही.

त्या दिवशी काय झालं ते तुला कोणी सांगितलं नसेल. पावणेअकराला मी स्टँडवर उतरलो आणि डबा घेऊन जवळजवळ पळतच सुटलो. गल्लीच्या कोपऱ्यावर कारभारी पोस्टमन सायकल धरून उभा होता. मी म्हटलं, अण्णांच्या नावचं पाकीट आहे, ते माझंच आहे, परत द्या. तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "घ्या की दादा. तसं बी आता कुनाला देनार हुतो." मला वाटलं, अण्णा बाहेर गेलेत. मी हसलो. पाकीट हातात आलं तेव्हा मला जे वाटलं ना विजू, तेवढं हलकं मला लीनाच्या लग्नातही वाटलं नव्हतं. वाटलं, वाचलो. पाकीट खिशात घातलं, त्याला दोन लाडू दिले. तो लाडू हातात घेऊन तसाच उभा राहिला. मग दार उघडायला रवी आला. त्याच्या डोक्यावर केस नव्हते.

कोटाच्या खिशातलं ते लग्नाचं कार्ड मी तेराव्यानंतर वाचलं. वाटलं होतं, त्यात माझ्यासाठी काहीतरी असेल. शेवटचं म्हणावं असं. पहिल्या चार ओळी लीनाला आशीर्वाद, दोन ओळी जावयाला, आणि खाली लिहिलंय की उन्हाळा आहे, श्रीखंड दुपारनंतर वाढू नका. माझं नाव फक्त पत्त्यावर. ते तरी काय लिहिणार? मी रागावणार हे त्यांना कुठं ठाऊक होतं.

लीनाला मी आज खरं कळवलं. रवी म्हणाला, महिनाभर थांबू. मी नाही थांबलो. ती आसामात एकटी रडेल. रडू दे. अण्णांना जमलं ते मला जमायचं नाही.

तू त्या दिवशी जाताना म्हणालीस, दादा, एवढं तरी बरं झालं की ते पत्र त्यांनी वाचलं नाही. सगळे हेच म्हणतात. रवी म्हणतो, कारभारीही म्हणाला. मीही स्वतःला आठ दिवस तेच सांगतोय. पण विजू, ते त्यांनी वाचायला हवं होतं. वाचून संतापले असते. आकडे घालून मला झोडपलं असतं. मग मी पाय धरले असते. ते पाकीट माझ्याकडे आहे, बंदच. ते फाडून टाकलं तरी मी जे लिहिलं ते लिहिलंच आहे, आणि त्याबद्दल मला क्षमा करू शकेल असं आता कोणी नाही.

तुझा,
दादा